आईच्या भजनांचं कार्ड

आमच्या बाबांना कुणी म्हातारा म्हटलं तर चालतं. बहिरा म्हटलं तरी चालतं, कारण ते त्यांना ऐकू येत नाही. पण लबाड म्हटलेलं चालत नाही. छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. उत्तर बरोबर आणि रीत चूक असली की पूर्ण शून्य, अर्धा गुणसुद्धा नाही, असा हिरालाल गुरुजींचा दरारा. आणि नेमकं याच माणसाला आमगावातले वीस-पंचवीस बाप्ये दर मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेला, लबाड म्हणतात. हसत म्हणतात, पाया पडून म्हणतात, पण म्हणतात.

याचं मूळ आहे धानाच्या खेळात.

सत्त्याऐंशी साली बाबांनी नागपूरहून एक घरगुती कॉम्प्युटर आणला. स्पेक्ट्रम त्याचं नाव. काळा, जाड वहीएवढा, टीव्हीला जोडायचा. त्यावर बाबांनी सहा महिने खपून एक खेळ लिहिला. तुम्ही शेतकरी. भाताच्या रोपांसाठी पऱ्हे कधी टाकायचे, चिखलणी कधी करायची, रोपांची रोवणी कधी, बांधीत म्हणजे खाचरात पाणी किती ठेवायचं, हे आठवड्याआठवड्याला ठरवायचं. पाऊस मशीन पाडेल. शेवटी वीस खंडी धान झाला की तुम्ही जिंकलात. गल्लीतली सगळी पोरं आमच्या ओसरीवर रांग लावायची. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि रांग सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे भांडायचं.

पण वीस खंडी कुणालाच कधी झाला नाही. नववीतला केवलराम अकरा खंडीपर्यंत पोचला, तोच गावचा विक्रम. पुढं कॅसेटला बुरशी लागली, खेळ बंद पडला, आणि पोरांनी एकमतानं निकाल देऊन टाकला की गुरुजींचा खेळ लबाड होता.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला केवलराम घरी आला. आता त्याची राइस मिल आहे, पोट आहे, आवाज आहे. चार लोकांसमोर म्हणाला, "गुरुजी, आता तं कबूल करा. तो खेळ जिंकताच येत नव्हता."

बाबांनी हातातलं पान खाली ठेवलं. "मंडईच्या दिवशी सकाळी सगळे घरी या. खेळ लावून दाखवतो. जिंकता नाही आला, तं मंडईत माइकवरून सांगीन, का हिरालाल मास्तर लबाड आहे."

माझे बाबा बोलले म्हणजे करणार. लोकं हसत गेली. ते गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मते हळू, म्हणाले, "दामिनी, मीबी कधी दहाच्या वर गेलो नाई वो. पण हिशोब बरोबर आहे. कागदावर एकवीस-बावीस निघते."

"मंग काऊन होत नाई?"

"तेच तं समजून नाई राहिलं."

अडतीस वर्षं हा माणूस छातीठोकपणे सांगत होता, आणि आतून त्यालाच शंका होती. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. मी म्हटलं, खेळ लागेल, बाकी पुढचं पुढं.

खेळ लागण्याची सोय माझा धाकटा भाऊ भुपेंद्र यानं आधीच अर्धी करून ठेवली होती. तो हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. मागच्या दिवाळीत त्यानं ती बुरशीची कॅसेट नेली, पुसून पुसून वाजवली आणि तिच्यातल्या किरकिरीची एक फाइल करून मला मेलवर पाठवली. शिवाय पोस्टानं एक हिरवी पट्टी पाठवली, काडेपेटीहून थोडी मोठी. ती स्पेक्ट्रमच्या पाठीमागं लावायची, तिच्यात मेमरी कार्ड घालायचं, की मशीनला कॅसेटची गरज नाही.

"फक्त कार्ड तू तयार कर," तो फोनवर म्हणाला.

माझं रेल्वे फाटकापलीकडे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अर्ध्या तालुक्याचे पीकविमे माझ्या बोटांखालून जातात. मी म्हटलं, "कार्डाचं काय घेऊन बसला? आणते अन् टाकते."

"लहान आणजो. चार जीबी, जास्तीत जास्त आठ. चौसष्टवालं आणू नको. त्याची मांडणीच वेगळी राहते, ते या पट्टीले वाचता येत नाई."

आता लहान कार्ड आणायला काय लागतं? तर आमगावात ते आणायला जन्म लागतो.

स्टेशन रोडवर श्यामलालचं मोबाइलचं दुकान आहे. त्याच्याकडे चौसष्ट होतं, एकशे अठ्ठावीस होतं. चार म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चार आण्याचं गोड तेल मागितलं.

"ताई, लोकं मोठं मांगतात, तुमी लहान मांगून राहिल्या. घरी काही अडचण आहे का?"

मग मी गाडीनं गोंदियाला गेले. बाजारातली सहा दुकानं झाली. पाचांनी मान हलवली आणि सहावा म्हणाला, "दीदी, ये तो अब म्यूज़ियम में मिलेगा." मी त्याला चांगलं सुनावणार होते, पण परतीची गाडी लागली होती.

तीन दिवस गेले. मंडई आठवड्यावर आली. मी आईच्या स्वयंपाकघरात बसून श्यामलालपासून गोंदियापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते आणि आई लाखोळीची डाळ निवडत ऐकत होती. खुंटीला तिचा लाल डबा टांगलेला. शेतात रोवणीवाल्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवतात तसला, कार्ड घालून गाणी वाजवायचा डबा. त्यात भजन चाललं होतं. मी बोलता बोलता थांबले.

"आई, या डब्यात कार्ड आहे ना? केवढं आहे?"

"नखाएवढं," आई म्हणाली.

काढून पाहिलं. चार जीबी! दहा वर्षांपूर्वी श्यामलालनंच भरून दिलेलं. मला इतका आनंद झाला की मी आईचा मुकाच घेतला. ती म्हणाली, "घेऊन जा, पण माहे भजन गेले तं तुले घरात घेणार नाई."

मी ते दुकानात आणलं. आधी सगळी भजनं माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मोजून एकशे बारा. मग कार्ड पुसून कोरं केलं. भुपेंद्रनं सांगितलं तसं फॅट बत्तीस पद्धतीनं फॉरमॅट केलं. शेत नांगरून वाफे पाडल्यासारखंच आहे ते; वाफे मशीनच्या ओळखीचे पाहिजेत, एवढंच. मग त्यानं पाठवलेले तीन फोल्डर अगदी वरच टाकले, कशाच्या आत नाही. ती त्या पट्टीची अक्कल. ते नसले तर पट्टी म्हणजे नुसता हिरवा तुकडा. आणि शेवटी खेळाची फाइल.

फाइलचं नाव मी माझ्या दुकानाच्या रिवाजाप्रमाणं ठेवलं होतं, 'बाबांचा धानाचा खेळ फायनल नवीन दोन'. भुपेंद्रला फोटो पाठवला तर तो दोन मिनिटं हसतच होता. "अवं, त्या मशीनले मराठी नाई येत. आठ अक्षरं, इंग्रजी, बस." मग मी नुसतं 'धान' ठेवलं, चार इंग्रजी अक्षरांत. मुकाट्यानं ठेवलं. चूक माझी होती.

आता एकच अडचण. आईचं कार्ड नखाएवढं आणि पट्टीची खाच मोठ्या कार्डाची. मध्ये अडॅप्टर पाहिजे. परत श्यामलाल. मंडई दोन दिवसांवर आली होती आणि माझ्या दुकानात फॉर्मची गर्दी, म्हणून मी कार्ड त्याच्याकडे दिलं आणि म्हटलं, "यात बसते तो अडॅप्टर लावून ठेव. सायंकाळी नेते."

सायंकाळी त्यानं अडॅप्टरसह कार्ड हातात ठेवलं, पैसे घेतले नाहीत. मला बरं वाटलं. माणूस तोंडानं फाटका असला तरी मनानं चांगला, असं मी घरापर्यंत म्हणत गेले.

बाबांनी कोठीतला जुना टीव्ही पुसून ओसरीवर मांडला होता. स्पेक्ट्रमला पट्टी लावली, पट्टीत कार्ड सरकवलं, बटण दाबलं. टीव्हीवर मुंग्या, मग रंगीत पट्टे, मग काहीच नाही. परत केलं. परत काहीच नाही. बाबा माझ्याकडे पाहत होते आणि मी बाबांकडे पाहत नव्हते.

कार्ड दुकानात नेऊन उघडलं. माझे तीन फोल्डर गायब, 'धान' गायब, आणि त्यांच्या जागी साडेसहाशे गाणी. लग्नाची, डीजेची, दंडारीची, आणि एक आख्खं तीन अंकी नाटक.

मी तशीच श्यामलालकडे गेले. रस्त्यात कोण नमस्कार करत होतं, मला माहीत नाही.

"काय केलं बे तू हे?"

"काऊन? भरून देल्लं ना," तो भाबडेपणानं म्हणाला. "तपासाले लावलं तं पूरं रिकामं. आईचं कार्ड असं रिकामं कसं वापस देऊ? माहा बाप दुकानात बसे तवापासून आपल्या दुकानातून रिकामं कार्ड जात नाई, ताई. अन् त्यात तीन व्हायरस होते, कायबाय नावाचे. तेबी काढून टाकले. फुकट."

आता काय बोलणार? आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. त्या हिशेबानं त्यानं मला साडेसहाशे चिमट्या घालून दिल्या होत्या. मी शिव्या देण्यासाठी तोंड उघडलं आणि मला हसूच आलं. तोही हसला. का हसतो आहे, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्याला मंडईच्या सकाळी जेवायला बोलावून बाहेर पडले.

पुन्हा पहिल्यापासून. पुसलं, वाफे पाडले, तीन फोल्डर, 'धान'. या वेळी कार्ड पदराच्या गाठीत बांधून आणलं आणि बाबांच्या पुढ्यात पट्टीत घातलं. टीव्हीवर पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं आली, मग फाइलींची यादी, आणि यादीत 'धान'. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "आहे," एवढंच म्हणाले. पण त्यांनी खेळ सुरू केला नाही. म्हणाले, परवा सगळ्यांसमोरच. मला वाटतं, एकट्यानं हरायची त्यांची हिंमत नव्हती.

मंडईच्या सकाळी आमची ओसरी भरून गेली. केवलराम पुढच्या खुर्चीत. त्याच्या मागं पोस्टातला जागेश्वर, आणि सगळे जुने रांगवाले, आता टक्कल पडलेले. श्यामलालही आला होता, आपण भरून दिलेलं कार्ड बघायला. आई आत वडे तळत होती.

केवलरामचा मान पहिला. खेळ सुरू झाला. रोमन अक्षरांत मराठी उमटली, आणि दर आठवड्याला मशीन विचारू लागलं तोच प्रश्न, जेवून शेतात जाता का, हो की नाही. हो म्हटलं की आठवड्यातला एक दिवस कामातून कमी. केवलरामनं पहिल्यापासून शेवटपर्यंत 'नाही' दाबलं, कारण लहानपणी आम्हा सगळ्यांना बाबांनीच शिकवलं होतं की हुशार शेतकरी दिवस वाया घालवत नाही. सोळा आठवडे संपले. दहा खंडी.

जागेश्वर बसला. नऊ खंडी.

मग बाबा बसले. पाठ ताठ. एकेक उत्तर विचार करून देत होते. पऱ्हे वेळेवर, रोवणी वेळेवर, पाणी बोटानं मोजल्यासारखं. जेवणाला दर वेळी 'नाही'. पाऊसही चांगला पडला. शेवटी आकडा आला: अकरा.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. केवलरामच घाईनं म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, गंमत होती ती. माइक-बिइक काही नाई." पण बाबांचा चेहरा मी कधीच तसा पाहिला नव्हता. नापास झालेल्या पोराचा चेहरा होता तो.

मला सहन होईना. मी म्हटलं, "बाबा, हिशोब बरोबर असन तं प्रोग्राम वाचून पाहा ना. तुमच्याच हातचा आहे."

बाबांनी खेळ थांबवून एक कळ दाबली. त्या मशीनवर एकेका कळीत आख्खा शब्द असतो. प्रोग्रामच्या ओळी पाटीवर उतरू लागल्या. बाबा बोट लावून वाचत होते, शाळेत तपासायचे तसे. सातशे दहा, सातशे वीस, सातशे तीस. बोट थांबलं.

"सातशे पस्तीस?" ते म्हणाले. "माह्या ओळी दहा-दहाच्या अंतरानं राहतात. पस्तीस कुठून आली?" मग मोठ्यानं वाचलं, "जेवणाले एकदाबी 'नाही' म्हटलं असन, तं पीक भागिले दोन."

केवलराम खुर्चीतून पुढं वाकला.

"ही ओळ माही नाई," बाबा म्हणाले.

"माही आहे," आई म्हणाली.

ती दारात उभी होती, हातात वड्यांची परात. मग मला आठवलं, आणि बाबांनाही आठवलं असणार. तो प्रोग्राम बाबांनी कागदावर लिहिला होता, पण मशीनमध्ये घातला होता आईनं. बाबा एका बोटानं टायपायचे, एका ओळीला पाच मिनिटं. आईची बोटं विड्या वळून वळून तयार झालेली. सहा महिने बाबा सांगत गेले आणि ती घालत गेली. चौथी शिकलेली बाई, इंग्रजी अक्षरं तिनं त्या कळांवरच गिरवली. ओळीचा अर्थही तिला कळायला लागला होता, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शंका आली की बाबा तपासायचे तो आपला कागदच.

"काऊन टाकली?" बाबांनी विचारलं.

"काऊन म्हणजे? रोज ताट वाढून ठेवो मी. तुमी उठाचं नाव नाई. बाहेर हे पोट्टे उपाशी बसलेले, घरून त्यायच्या माया हाका मारून राहिल्या. अन् तुमी पोरायले शिकवून राहिले का न जेवता शेतात जाणारा हुशार!" परात तिनं जागेश्वरच्या मांडीवर ठेवली. "उपाशी माणसाच्या हातून अर्धंच पिकते. मी खोटं नाई लिहिलं."

"अन् अडतीस वर्षं सांगितलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं कधी?"

आता बाबा काय म्हणतात याकडे सगळ्यांचे कान. ते उठून उभे राहिले. "केवलराम," ते म्हणाले, अगदी वर्गात म्हणायचे तसे, "तू खरा होतास. मी चूक होतो. खेळ मी सांगितला तसा नव्हता. आज मंडईत माइकवर सांगतो."

"पण जिंकता येते," आई म्हणाली. "नीट जेवलं तं."

"तू खेळून पाहिला?"

"कवा खेळू? तुमी त्या खुर्चीवरून उठत होते का?"

बाबांनी मशीन तिच्याकडे सरकवलं. ते खुर्चीपासून बाजूला झाले. आईनं हाताचं पीठ पदराला पुसलं आणि शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा त्या मशीनसमोर खेळायला बसली. पऱ्हे, चिखलणी, रोवणी, तिला काय सांगावं लागतं! बाबांनी कागदावर शिकलेली शेती तिनं गुडघाभर चिखलात केली होती. दर आठवड्याला मशीन विचारी, जेवून जाता का, आणि सगळी ओसरी एका सुरात ओरडे, "हो!" श्यामलाल तर सगळ्यात मोठ्यानं. सोळावा आठवडा संपला. आकडा आला: एकवीस.

काय गलका झाला! गल्लीतली लोकं धावत आली, त्यांना वाटलं, कुणी पडलं की काय. केवलराम खुर्ची लोटून उठला आणि वाकून पाया पडला, आईच्या. हैदराबादहून फोन लावून बसलेला भुपेंद्र ओरडत होता, काय झालं, काय झालं, पण सांगायला कुणाला सवड नव्हती.

बाबांनी आकड्याकडे पाहिलं. एकवीस. त्यांच्या कागदावरचा आकडा. मग ते आईकडे वळून म्हणाले, "चल ऊठ आता, लोकायले वाढ."

"थांबा जरा," आई म्हणाली. डोळे टीव्हीवरच होते. "यंदा मी बावीस काढतो."

बाबा जागेश्वरच्या मांडीवरच्या परातीकडे वळले. मग धोतराचा सोगा खोचून त्यांनी परात उचलली. वडे ते ओळीनं सगळ्यांना वाढू लागले, प्रत्येकाला दोन, मोजून. बाबांनी वाढलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ओसरीच्या कोपऱ्यातून आई न वळता म्हणाली, "चटणी फळीवर आहे. अन् तुमीबी बसून घ्या."